वरच्या तुकड्याची माती

२ मार्च

ताईस,

माझं अक्षर ओळखून पाकीट बाजूला ठेवू नकोस. भांडायला लिहीत नाही. सात वर्षं भरली, म्हणून लिहितो आहे. फोन करता आला असता, पण फोनवर आपण दोघंही आधी गप्प बसतो आणि मग एकदमच बोलतो. कागदावर निदान माझं वाक्य पुरं होतं.

खोक्यात मातीच्या दोन पिशव्या आहेत. लाल दोरीची तुझ्या वरच्या तुकड्यातली, पांढऱ्या दोरीची खालच्या, आमच्या वेलींमधली. तू सांगितलं होतंस तशीच काढली आहे. वरचा थर खरवडला, एक वीत खाली गेलो, प्रत्येक तुकड्यात नऊ जागी खणलं आणि मग सगळं एकत्र कालवलं. एकीकडची माती दुसरीकडे जाऊ नये म्हणून मध्ये खुरपं धुतलं. तू उभी असतीस तर एखादा मार्क कापला असतास, पण नापास केलं नसतंस.

आपलं काय ठरलं होतं ते एकदा लिहून काढतो, म्हणजे मागाहून "मी असं म्हणालेच नव्हते" नको. वेली लावल्या त्या दिवशी मी सगळ्यांना शिंगांचं सांगत होतो. गाईच्या शिंगात शेण भरून थंडीआधी पुरायचं, थंडी सरली की उकरून काढायचं. त्यातलं मूठभर कोमट पाण्याच्या पिंपात टाकून तासभर ढवळायचं, आधी उजवीकडे, भोवरा पडला की तो मोडून डावीकडे. मग संध्याकाळी ते पाणी कुंच्याने जमिनीवर शिंपडायचं. तू सगळं शांतपणे ऐकलंस आणि विचारलंस, "आणि मंत्र कुठला म्हणायचा?" सगळे हसले. रोपं देणारा हसला, ट्रॅक्टरवाला हसला, आबासुद्धा हसले. मग मी जे बोललो तेही लिहायला हवं, नाहीतर हे लिहिणं लबाडीचं होईल. मी म्हणालो, "काचेच्या नळ्यांतून माती बघणाऱ्यांना मातीतलं काय कळतं? पोटासाठी नोकरी करतेस, तेवढीच कर."

तू हातातली कुदळ भिंतीला नीट टेकवून ठेवलीस. मला अजून तो नीटपणाच आठवतो. म्हणालीस, "ठीक आहे. वरचा तुकडा माझ्या वाट्याचा. त्याला तुझ्या पाण्याचा थेंब लागता कामा नये. बाकी सगळं सारखं कर, छाटणी, गवत, शेणखत. सात वर्षांनी दोन्हीकडची माती मला पाठव. फरक निघाला तर मी येऊन तुझी माफी मागेन. नाही निघाला तर तू मागायचीस. तोवर मी या घरात पाऊल टाकणार नाही."

आपल्या घरात शब्द देणारे पुष्कळ, मोडणारा एकही नाही. त्यामुळेच तर ही वेळ आली.

मी माझा शब्द पाळला आहे. वारा तुझ्या बाजूला वाहत असला तर मी शिंपडणं पुढे ढकलतो. हद्दीजवळच्या आमच्या दोन ओळी कोरड्याच सोडतो, चुकून थेंब उडायला नको म्हणून. ही म्हणते, "इतकं जपून तुम्ही मला कधी वागवलं नाहीत." तुझ्या तुकड्याची वाइनही दरवर्षी वेगळ्या पिंपात ठेवतो. त्यावर खडूने "आत्या" लिहिलेलं असतं.

इथलं सगळं बदललं आहे. तू गेलीस तेव्हा द्राक्षं लावणारे आपण एकटे होतो, आजूबाजूला नुसते बटाटे. आता नऊ घरांनी वेली लावल्या आहेत. मोठ्या रस्त्यावर पाटी लागली आहे, सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं येतात, पेल्यात नाक घालतात आणि मला न समजणारी वाक्यं बोलतात. ट्रॅक्टरवाला मला अजून चारचौघांत विचारतो, "काय शिंगवाले, यंदा शेपट्याही पुरणार का?" पण मागच्या वर्षी त्यानेही वेली लावल्या, आणि एकदा हळूच येऊन दोन शिंगं मागून नेली. "कुणाला बोलू नका," म्हणाला.

आबा बरे आहेत. एक्याऐंशी पूर्ण केली. नजर फार कमी झाली आहे, उजेड कळतो आणि माणसाचा आकार कळतो. तुझा विषय काढत नाहीत.

तुझी तपासणी झाली की जे असेल ते कळव.

धाकटा


९ एप्रिल

ताईस,

काल तुझं पत्र आलं. सात वर्षांनी आलेलं पत्र, आणि त्यात पाऊण पान आकडे! तरी तुझा "क" अजून तसाच पोटफुगा निघतो हे पाहून बरं वाटलं.

आकडे पिटुकलीने समजावून सांगितले. तू तिला पिटुकली म्हणायचीस ती आता एकवीस वर्षांची आहे, तळघर सगळं तिच्या ताब्यात, आणि मी पिंपाला हात लावला तर मलाच ओरडते. तिने कागद दोनदा वाचला. म्हणाली, "बाबा, शेजारशेजारच्या दोन मातींतही थोडं इकडचं तिकडं असतं. ही तर एकाच डब्यातून काढल्यासारखी आहे." शेवटची ओळ मात्र मला कुणी समजावून सांगायला नको होती. "दोन्ही नमुन्यांत फरक नाही. आता काय करायचं ते तुला ठाऊक आहे."

ठाऊक आहे.

चौथीत माझा गणिताचा पेपर हरवला होता. मास्तर म्हणत होते, याने दिलाच नाही. तू सातवीच्या वर्गातून उठून आलीस आणि त्यांच्याशी अशी भांडलीस की त्यांनी मला पुन्हा पेपर लिहू दिला. संध्याकाळी तो पहिला पेपर माझ्याच दप्तरात सापडला. तू तो पाहिलास, घडी घालून चुलीत टाकलास आणि म्हणालीस, "जेवायला चल." ना घरी सांगितलंस, ना मला कधी ऐकवलंस. अशा बहिणीला मी वीस माणसांसमोर म्हणालो की तुला मातीतलं काय कळतं. ताई, माझं चुकलं. त्या दिवशी संध्याकाळीच कळलं होतं. पण तू तेव्हा बसमध्ये होतीस, आणि दुसऱ्या दिवसापासून मी तुझ्या शब्दाच्या आड लपलो. सात वर्षं थांबायचं ठरलंय ना, मग थांबू, असं स्वतःला सांगत राहिलो.

ही माफी बोलण्याची आहे, शिंगांची नाही. शिंगं खोटी ठरली असतील तर ती गोष्ट माझी आणि देवाची. पिंप ढवळताना तो एक तास माझ्या मनात कुणाबद्दल वाकडं काही येत नाही. तेवढ्यासाठी तरी मी ढवळत राहीन. तू हस.

आता ये. जूनमध्ये ये. आपल्या या थंड मुलखात तेव्हाच वेली फुलतात, फुलं डोळ्यांना दिसतही नाहीत, पण उतारावर उभं राहिलं की त्यांचा वास येतो.

आबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. "फरक नाही? अजिबात नाही?" असं दोनदा विचारलं, आणि मग इतके खूश झाले की मला जरा लागलंच. मुलगा हरल्याचा एवढा आनंद!

तुझा चुकलेला,
धाकटा


२७ एप्रिल

ताईस,

पत्र मिळालं. बारा जूनला येतेस हे वाचून ही तुझी खोली झाडायला गेली, आणि झाडून झाल्यावर पुन्हा झाडायला गेली. मी पत्राची घडी खिशात ठेवली आहे. पिटुकली विचारते, आत्या गोड वाइन पिते की कोरडी. मला सांगता आलं नाही.

येताना जाड तळव्याचे बूट आण, वरच्या वाटेवर दगड उघडे पडले आहेत.

परवा शिंपडणं झालं. बाकी विशेष काही नाही. आबा बरे आहेत.

खाली दोन ओळी खोडल्या आहेत. त्या उजेडासमोर धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस.

धाकटा


६ मे

ताई,

मागच्या पत्रात मी लिहिलं, बाकी विशेष काही नाही. ते खोटं होतं. त्याला आज नऊ दिवस झाले.

आपल्याकडे दरवर्षी शिंपडताना शेवटच्या ओळींना पाणी कमी पडतं. मला वाटायचं पिंप गळतं. पिंपवाल्याकडून दोनदा कड्या ठोकून घेतल्या. दुसऱ्यांदा तो वैतागून म्हणाला, "पिंप नाही गळत हो, गळतंय तुमचं डोकं." यंदा पिटुकलीने काय केलं, ढवळून झाल्यावर आतून खडूची रेघ मारली. मी कुंचे आणायला आत गेलो, बुटांचे बंद बांधले आणि परत आलो. पाणी रेघेच्या चार बोटं खाली! जमीन कोरडी.

मग वरून तारेचा आवाज आला. वेलींच्या तारेला कुणी धरलं की ती ओळभर वाजते, तुला माहीत आहे. वर गेलो. तुझ्या तुकड्यात आबा होते. एका हाताने तार धरलेली, त्याच कोपराला बादली अडकवलेली, दुसऱ्या हातात भिंत रंगवायचा जुना कुंचा. चार पावलं चालायचे, थांबायचे, वाकून कुंचा बुडवायचे आणि शिंपडायचे. अर्धं पाणी विजारीवर.

"आबा, काय चाललंय हे?"

ते थांबले, पण वळले नाहीत. "मला दिसत नाही. तुला तर दिसतंय ना?"

"हा ताईचा तुकडा आहे."

"म्हणूनच."

"तिने नको म्हटलं होतं. मी शब्द दिला होता तिला."

"तू दिला होतास. तुम्ही दोघांनी आपसात ठरवलंत. मला कुणी विचारलं?"

"कधीपासून करताय?"

"पहिल्या वर्षापासून. थंडी सरल्यावर एकदा, तोडणी झाल्यावर एकदा. तू कुंचे आणायला गेलास की एक बादली घ्यायची. जास्त नाही घेतली कधी, तुलाही पुरायला हवं."

मला राग आला होता, ताई. मी म्हणालो, "तुमचा तर या पाण्यावर विश्वासच नाही. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने तुम्ही हसलात."

"हसलो. आत्ताही हसू येतं. शिंगात काय असतं ते मला काय ठाऊक! पण तू त्या पिंपापाशी तासभर उभा असतोस, ओठ हलत असतात तुझे. काहीतरी भलंच मागत असशील. ते खालच्या वेलींना मिळणार आणि तिच्या वेली उपाशी? दोन पोरं जेवायला बसली आणि तुझ्या आईने एकाच्याच ताटात वाढलं, असं कधी झालं होतं या घरात?"



अर्धी ओळ राहिली होती. त्यांनी विचारलं, "मग, थांबू का आता?" मी काय केलं तेही तुला सांगायला हवं. मी "थांबा" म्हणालो नाही. म्हणालो, "पुढे खड्डा आहे, जपून." आणि ओळ संपेपर्यंत त्यांच्या मागे चालत राहिलो.

तेव्हा आता असं आहे. एका मातीला पाणी द्यायचं, दुसरीला द्यायचं नाही आणि मग फरक बघायचा, हे तुझं गणित होतं. इथे दोन्हींना मिळालं. तुझे आकडे खरे आहेत, मीही थेंब उडू दिला नाही हे खरं आहे, आणि तरी सात वर्षांत काहीच ठरलेलं नाही. तू जिंकली नाहीस. मी हरलो नाही. तुझ्या शब्दाप्रमाणे आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात आणि पुन्हा सात वर्षं. आबा एक्याऐंशीचे आहेत.

म्हणून तर मी गप्प बसलो होतो. तू बारा जूनला निकाल घेऊन येणार, आबा तुला भेटणार, मग पुढे केव्हातरी सांगू, असं वाटलं. आबांचंही तेच मत, "आधी येऊ दे, मग सांग." ही म्हणाली, "जेवण झाल्यावर सांगा, हात धुवायच्या आधी. उष्ट्या हाताने माणूस घर सोडून जात नाही." रोज सकाळी हात जोडून बसलो. पण देवाला काही सांगावं लागत नाही, त्याला सगळं ठाऊकच असतं. ज्याला ठाऊक नाही अशी एकटी तूच होतीस. तू पेपर चुलीत टाकलास तो माझ्यासाठी. मी हे तुझ्यापासून लपवलं असतं ते माझ्यासाठी. दोन्ही एक नव्हे.

मागितलेली माफी परत घेत नाही. ती मातीच्या निकालावर टांगलेली नव्हती.

येशील तर ये. नाही आलीस तर मी तुला दोष देणार नाही. आबांना मात्र काय सांगायचं ते मला सुचत नाही.

धाकटा


२३ मे

ताईस,

तुझा कागद आला. ना "प्रिय", ना "तुझी", ना येतेस, ना येत नाहीस. वर लिहिलंस "प्रयोग बाद" आणि खाली सहा प्रश्न. पिटुकली म्हणाली, "आत्याने परीक्षा घेतलीये, बसा लिहायला." तर बसलो आहे.

बादली काठापर्यंत अकरा लिटरची. पण आबा काठापर्यंत भरत नाहीत, सांडते म्हणून. त्यांनी बोटाने खूण दाखवली, तिथवर साडेआठ होतं. कुंचा प्रत्येक वर्षी तोच. पाणी नेहमी ढवळून झाल्या झाल्या नेलेलं. तुझ्या सातही ओळींना मिळालं, पण वरच्या दोन ओळींना शेवटी नुसते शिंतोडे. एखादं वर्ष चुकलं का, हे विचारल्यावर ते चिडले. "पोरीचं ताट चुकेल का?" एवढंच उत्तर, ते तुझ्या रकान्यात कसं बसवायचं ते तू बघ.

सहावा प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचला. "त्यांना चढ एकट्याने चढता येतो का, मध्ये किती वेळा बसतात?"

ताई, हा प्रश्न मातीचा नाही.

चढता येतो, पण तार सोडून नाही. मागच्या वर्षी मध्ये एकदा बसायचे. परवा तीनदा बसले. त्यातल्या तिसऱ्या वेळी उठायला हात मागितला, आणि आबांनी हात मागितल्याचं मला याआधी आठवत नाही.

तुझे प्रश्न वाचून दाखवले तेव्हा त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "एवढं विचारायचं असेल तर समोर येऊन विचार म्हणावं. मी काय शाळेत बसलोय, पत्राने उत्तरं द्यायला?" हा त्यांचा निरोप, शब्दशः. मग मला म्हणाले, "तो शेवटचा प्रश्न पुन्हा वाच."

वाचला.

धाकटा


१२ जून, स्वयंपाकघरातल्या टेबलावर

ताई,

आत्ता ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला. "शिंगवाले, तुमची बहीण फाट्यावर उतरली. बसा म्हटलं तर मलाच म्हणाली, ट्रॅक्टर जपून चालव, चालत जाते मी." फाट्यापासून तुझ्या चालीने अर्धा तास. तेवढ्यात ही चिठ्ठी लिहितो.

मी दारात उभा नाही म्हणून रागावू नकोस. बाटल्या भरायचं यंत्र लॉरीवर बसवलेलं असतं, गावोगाव फिरतं, आणि आपली पाळी नेमकी आज आली. एकदा सुरू झालं की मध्ये थांबवता येत नाही, थांबवलं तर वाइनला हवा लागते. मी, ही आणि पिटुकली तिघंही तिथेच अडकलो आहोत. इथून खडखडाट ऐकू येईल, तोच. "आत्या" लिहिलेलं पिंप शेवटी घेणार आहोत, तेव्हा तू असावीस अशी पिटुकलीची इच्छा आहे.

दार उघडंच आहे. आत ये. पाणी पी, माठावर वाटी झाकली आहे. सामान कुठेही टाक.

आणि मग आमच्याकडे येऊ नकोस. आधी वर जा. आबा तुझ्या तुकड्यात आहेत, सकाळपासून. आज बारा तारीख आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. तू येशील असं मलाच खात्रीने वाटत नव्हतं, त्यांना कुठे आशेवर ठेवू? पण आज त्यांनी धुतलेला सदरा मागून घेतला, तेव्हा त्यांनी दिवस मोजले असावेत.

त्यांना चेहरा दिसणार नाही, नुसता आकार दिसेल. तू जवळ गेलीस की ते विचारतील, "कोण?" लगेच उत्तर दे, ताई. गेली सात वर्षं कुणीही त्या वाटेने वर गेलं की ते असंच विचारतात. मी म्हणतो, "मी, धाकटा." आणि ते दर वेळी जरा थांबून म्हणतात, "बरं."